पुलावर घ्यायला या

काचेवर बोट टेकवू नका. वाकून बघा, हवं तर नाक लावून बघा, पण बोट नको. चार दिवस ही काच मीच पुसतोय. दुकान बंद आहे. बायको माझ्या तोंडावर म्हणाली, "तुमच्या हातात सध्या सुरीपेक्षा फडकं बरं." तिचं काही चुकलं नाही.

मी खाटीक आहे. सकाळी मटण कापायचं आणि दुपारी लढाईतल्या कैद्यांची पत्रं जमवायची, असं माझं चाळीस वर्षं चाललंय. लोकांना हसू येतं. येऊ दे. या भिंतीवरच्या सगळ्या चौकटी माझ्या आहेत. छावण्यांतून आलेली पाकिटं, सेन्सॉरनं कातरलेली पत्रं, आणि या टोकाला शब्दावर सुटलेल्या सैनिकांची कार्डं. शब्दावर म्हणजे काय, तर पकडलेला सैनिक 'पुन्हा हत्यार धरणार नाही' असं लिहून देतो आणि शत्रू त्याला घरी सोडतो. पॅरोल म्हणतात त्याला. ही कार्डं फार थोडी उरली, कारण ज्यांच्या घरी आली त्यांनी लाजेनं चुलीत घातली. लढाई चालू असताना शत्रूला शब्द देऊन घरी आलेला माणूस म्हटल्यावर गल्ली त्याच्यावर थुंकायची.

तुम्ही बघताय ते कार्ड माझ्या थोरल्या भावाचं. वाचता येतंय ना? "मी ठीक आहे. शब्दावर माझी सुटका होत आहे. नऊ तारखेला दिवस मावळायच्या आत घरच्या कोणीतरी पुलावर घ्यायला या आणि हमीची सही करा. कोणी आलं नाही तर मला परत नेतील." त्याखाली काळी पट्टी दिसते, तिथं पाचवी ओळ होती. ती सेन्सॉरनं काळी केली. आणि चौकटीच्या तळाला ती छापील चिठ्ठी, "बनावट. शत्रूनं रचलेला सापळा." ती मी लावली. सव्वीस वर्षं प्रत्येक प्रदर्शनात हे कार्ड त्या चिठ्ठीसकट लागतं, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगत आलो की सतरा वर्षांचा असताना मी ही लबाडी पकडली आणि बापाचा जीव वाचवला. चार दिवसांपूर्वीपर्यंत सांगत होतो.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला धंदा बापानं नाही, त्यानं शिकवला. माझा हात आडदांड. सुरी ओढताना अंगठा पुढं यायचा. तो टपली मारायचा आणि म्हणायचा, "अंगठा सांभाळ, धाकट्या." दिवसातून शंभरदा. गिऱ्हाइकं हसायची. मी चिडून एकदा त्याच्या अंगावर काळीज फेकून मारलं, तर त्यानं ते हवेत झेललं, तराजूत टाकलं आणि समोरच्या बाईला विचारलं, "एवढं पुरे का, मावशी?" असा होता. लढाईत गेला, पकडला गेला, आणि मग आठ महिने काही कळलं नाही.

कार्ड आलं तो महिना वाईट होता. त्याच्या आधी पंधरा दिवस, खालच्या धक्क्यावर शत्रूनं पांढरं निशाण लावून लोकांना प्रेतं न्यायला बोलावलं, आणि माणसं जमल्यावर मशीनगन चालवली. आमच्या गल्लीतली तीन घरं एका दुपारी बसली. शेजारची काकू मी स्वतः दुकानाच्या हातगाडीवरून आणली. कमरेखालचं काही उरलं नव्हतं तिचं. वर चेहऱ्यावर साधा ओरखडा नाही, केसातली पिन जागच्या जागी. तिला घरात ठेवली आणि गाडी धुवायला बसलो, ती धुतली जाईना.

हे डोक्यात घेऊन मी कार्ड वाचलं. घरात वाचता येणारा मी एकटा. बापाला अक्षराचा गंध नाही, आईला आकडे तेवढे कळायचे. वाचून होईपर्यंत आई जमिनीवर बसली होती आणि बापाचा एक पाय बुटात गेला होता. पूल चालत दिवसभराच्या वाटेवर, आणि तारीख परवाची. आणि मी अतिशहाणा! मी ट्रंकेतून दादाचं बराकीतलं जुनं पत्र काढलं आणि कार्डाशेजारी ठेवलं. दादाचं अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं. ओळ डावीकडून निघायची आणि उजवीकडे पोचेपर्यंत दोन बोटं खाली घसरायची. कार्डावरचं अक्षर कोरीव, सरळ, कचेरीतल्या माणसाचं.

"हे दादानं लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"कोणाकडून लिहून घेतलं असेल," आई म्हणाली.

"का? त्याला लिहिता येत नाही? बाबा, हा धक्क्यावरचाच प्रकार आहे. बापांना बोलावतात आणि मारतात."

बापानं माझ्या कानाखाली अशी काढली की भिंतीवर जाऊन आदळलो. नाकातून रक्त आलं. उठलो आणि दारात उभा राहिलो. मग पट्टा निघाला. आमचा बाप बैलाला एका फटक्यात बसवायचा, त्याच्या पट्ट्याचा मार म्हणजे काय ते तुम्हाला सांगून कळणार नाही. पाठीवर, मांड्यांवर, तोंडावर. आई मध्ये पडली तर तिलाही एक बसला. मी हललो नाही. शेवटी उंबऱ्यावर आडवा झालो, हाडं सोडवायची सुरी स्वतःच्या गळ्याला लावली आणि म्हटलं, जा, पण मला ओलांडून जा, दुसरी तंगडी उचलायच्या आत हा गळा उघडलेला असेल. आणि नुसतं बोललो नाही. टोक रुतवलं. हा इथला वण त्याचाच.

बापाच्या हातून पट्टा गळून पडला. एक मुलगा गेलेला आणि दुसरा दारात रक्त सांडतोय, काय करणार बिचारा? बूट काढला त्यानं. नऊ तारखेला तो दिवसभर दुकानाच्या पायरीवर पुलाच्या रस्त्याकडे तोंड करून बसला होता. कोणी मटण मागितलं तर म्हणायचा, आज नाही. ऊन गेल्यावर उठला आणि फळ्या लावल्या.

दादा आला नाही. म्हणजे बघा, माझं खरं ठरलं! गल्लीत माझं नाव झालं. बाप मरताना माझा हात धरून म्हणाला, "तू होतास म्हणून मी वाचलो." त्या एका वाक्यावर मी जगलोय. सांगायला लाज कशाला?

पत्रं जमवायला लागलो ती त्यातूनच. कुठल्यातरी कैद्याच्या पत्रात दादाचा उल्लेख सापडेल, कुठं मेला ते कळेल, एवढीच आशा. दादा सापडला नाही, नाद मात्र लागला. आमच्या मंडळात नऊ संग्राहक. अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर, भिंगाशिवाय स्वतःच्या ताटाकडेही न बघणारा माणूस. माझ्याकडे काम खोट्या वस्तू पकडण्याचं. ते मला फार आवडायचं. माझा नियम एकच, आणि तो मंडळानं माझ्या शब्दावर वहीत लिहून घेतला. नावं दोन आणि अक्षर एक, तर दोन्ही पत्रं खोटी. पाठीमागे 'बनावट' असा शिक्का मारायचा, म्हणजे पुन्हा कोणी कोणाला फसवणार नाही. शाईसुद्धा मीच आणली. कत्तलखान्यात मटणावर मारतात ती जांभळी.

मध्ये एकदा दुकानात एक गिऱ्हाईक बोलून गेलं होतं की त्याचा मामा त्याच पुलावरून घरी आला होता. मी त्याला गचांडी धरून बाहेर काढलं. आता आठवतं, त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वेड लागलंय की काय अशा नजरेनं बघत होता.

आता चार दिवसांपूर्वीचं. प्रदर्शन नुकतंच उघडलं होतं. एक म्हातारा आला. सुकलेला, गुळगुळीत दाढी केलेला, कोपरावर ठिगळ लावलेला कोट, बगलेत कापडी पिशवी. बाकी कशाकडे बघितलं नाही. तुम्ही उभे आहात तिथं येऊन थांबला तो तासभर. शेवटी मीच जवळ गेलो.

"ही चिठ्ठी कोणी लावली?" त्यानं विचारलं.

"मी. का?"

"काढा. कार्ड खरं आहे."

मला हसू आलं. म्हटलं, "अहो, ज्याच्या नावानं आहे त्याचं खरं अक्षर माझ्या घरात आहे. हे त्याचं नाही."

"नाहीच त्याचं. माझं आहे. हे मी लिहिलंय."

एवढं बोलून त्यानं पिशवी उघडली आणि इथं, या टेबलावर, एकेक करून अकरा कार्डं मांडली. अकरा घरांचे पत्ते, अकरा सैनिकांची नावं, आणि अक्षर एकच. तेच कोरीव, सरळ अक्षर. तेच "पुलावर घ्यायला या". मी ते अक्षर सेहेचाळीस वर्षं रोज बघत आलोय, मला भिंग लागलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं माझ्या बापाला मारायला बोलावलं तो हा! लोकांच्या पोरांच्या नावानं घरोघर सापळे लावणारा माझ्यासमोर उभा राहून सांगतोय की मी लिहिलं, आणि वर म्हणतोय चिठ्ठी काढा.

पहिली मी उलट्या हातानं मारली. त्याची कवळी उडून त्या खिडकीपाशी पडली. तो टेबलावर कोसळला, टेबलाची काच फुटली, ती त्याच्या गालात घुसली. कॉलर धरून उचलला आणि पुन्हा आपटला. तो हात वर करत नव्हता. माणूस मारापुढे निदान तोंड तरी झाकतो, यानं तेही केलं नाही, त्यामुळे माझं डोकं आणखी फिरलं. खाली पाडून त्याच्या छातीवर गुडघा रोवला. बरगडी मोडल्याचं मला गुडघ्याला कळलं. पोस्टमास्तर मागून माझा सदरा ओढत होते, तो फाटला. बायको डबा घेऊन येत होती, तिनं डबा टाकला आणि माझ्या पाठीवर बुक्के मारायला लागली. "अहो, सोडा त्यांना! मरतील ते!" मला ऐकूच येत नव्हतं.

"कोणत्या हातानं लिहिलंस?" मी विचारलं.

त्यानं उजवा हात स्वतःच पुढे केला.

अंगठा मुळातून कुठं सुटतो ते मला झोपेतही सांगता येईल. मी तो धरला आणि बाहेरच्या अंगाला पिळून मागे नेला. आवाज झाला. कोंबडीची तंगडी सोडवताना होतो तोच. म्हातारा ओरडला नाही. तोंडातलं रक्त बाजूला थुंकला, माझ्या डोळ्यात बघितलं आणि बोळक्या तोंडानं म्हणाला, "अंगठा सांभाळ, धाकट्या. असंच म्हणायचा ना तो?"

मी त्याच्या छातीवर तसाच बसलो होतो. बायको सांगते की मी पांढराफटक पडलो. ते शब्द आमच्या दुकानाबाहेर कोणाला ठाऊक नव्हते. ऐकणारी गिऱ्हाइकं कधीच मेली. ते जाणणारे दोघंच, मी आणि गेलेला दादा.

त्याला उचलून मी माझ्या मटणाच्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. गालाला सात टाके, दोन बरगड्या, अंगठ्याला कोपरापर्यंत प्लास्टर. हवालदार आला तेव्हा म्हातारा म्हणाला, पायरीवरून पडलो. "कुठल्या पायरीवरून?" "खाटकाच्या." हवालदारानं माझ्या हातांकडे बघितलं, लिहून घेतलं आणि गेला. मग त्या खाटेवर पडूनच त्यानं मला सगळं सांगितलं. तोंड सुजलेलं, दोन वाक्यांमागे एकदा घोटभर पाणी पाजावं लागायचं. पाजत होतो.

तो लढाईआधी कचेरीत कारकून. दादाच्याच छावणीत होता. शब्दावर सुटणाऱ्यांची यादी लागली, चोपन्न नावं. सह्या झाल्या. तेवढ्यात छावणीला नवा कमांडर आला. तो म्हणाला, शब्दाचा काय भरवसा? उजवा अंगठा नसेल तर बंदूक धरता येत नाही, तोच खरा शब्द. ओंडका मांडला आणि कुऱ्हाड आणली. पहिल्याचा मनगटासकट हात गेला. दुसऱ्याचा अर्धा पंजा. दोघंही पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत रक्त जाऊन जाऊन मेले, त्यांना बांधायलाही कोणाला पुढं येऊ दिलं नाही. तिसऱ्याला ओढत नेत होते, तो पोरासारखा किंचाळत होता, तेव्हा दादा रांगेतून बाहेर आला.

"मी खाटीक आहे," तो कमांडरला म्हणाला. "तुम्हाला अंगठे हवेत की मढी? अंगठे हवे असतील तर मला सुरी द्या, दगड द्या आणि उकळतं पाणी द्या."

पहारेकऱ्यानं बंदुकीच्या दस्त्यानं त्याचे पुढचे दोन दात पाडले. पण सुरी दिली.

दोन दिवस दादा कापत होता. पन्नास माणसं. कोणी ओरडायला लागला की तो त्याला आईमाईवरून शिव्या घालायचा, म्हणजे तो चिडायचा, आणि चिडला की तेवढ्यात काम झालेलं असायचं. पन्नासातला एकही दगावला नाही. दर चार-पाच माणसांमागे तो कुंपणापाशी जाऊन ओकायचा आणि परत येऊन सुरी उकळत्या पाण्यात धरायचा. ज्यांचे कापले त्यांतले काही त्याच्या तोंडावर थुंकले. त्यानं पुसलं.

"माझा ठेवला," कारकून म्हणाला, "कारण घरोघर कार्डं धाडायची होती आणि लिहायला एक हात हवा होता. बावन्न कार्डं मी लिहिली. त्यांच्यातल्या कोणाला पेन धरता येणार होतं? आणि पन्नास झाल्यावर त्यानं स्वतःचा हात ओंडक्यावर ठेवला आणि सुरी मला दिली."

"तुम्हाला?"

"कुऱ्हाडवाल्याकडून करून घ्यायचं नव्हतं त्याला. मला म्हणाला, सांधा शोध, हाड कापू नकोस, सांध्यात सुरी आपली आपण जाते. तो सांगत होता आणि मी कापत होतो."

मी खाटेची दांडी धरून उभा राहिलो. माझ्या पहिल्या बकऱ्यावर दादानं माझा हात धरून हेच शब्द सांगितले होते. मी आजही नवीन माणसाला हेच सांगतो.

फडकं बांधून झाल्यावर दोघं कार्ड लिहायला बसले. चार ओळी ठरलेल्या, सगळ्यांना त्याच. पाचवी ओळ प्रत्येकानं आपली घालायची, कापण्याबद्दल मात्र एक अक्षर लिहायचं नाही. कारकुनानं विचारलं, घरी वाचणार कोण? "धाकटा," दादा म्हणाला. "वाचण्यात पक्का आहे पठ्ठ्या, एक अक्षर सोडायचा नाही." आणि पाचवी ओळ त्यानं सांगितली, "धाकट्याला म्हणावं, अंगठा सांभाळ." सांगताना तो हसला, म्हणे. फडक्यातून रक्त गळतंय आणि हसतोय. कारकून म्हणाला, हे खोडतील. दादा म्हणाला, लिही तू, घरच्यांना त्यावरून पटेल की मीच आहे. सेन्सॉरनं 'अंगठा' वाचलं आणि ओळ काळी केली.

ती एक ओळ राहिली असती ना, तर बापाला मी पाठुंगळी घेऊन पुलावर धावत गेलो असतो.

पुलावर नऊ तारखेला बावन्न जणांना कठड्याला लावून बसवलं. घरची माणसं येत होती. नाव पुकारायचे, सही व्हायची, माणूस उठून जायचा. गोळी? एकही नाही. दिवसभरात एकही गोळी सुटली नाही. कारकुनाची आई आली, तिनं सही केली, पण हा पुलाच्या अलीकडच्या टोकाशी बसून राहिला. आई हाताला धरून ओढतेय आणि हा उठेना. दिवस कलला तेव्हा तिघं उरले. दादा रस्त्याकडे बघत होता. पहारेकरी उठवायला आला तर त्याला म्हणाला, "अजून उजेड आहे. आमचं घर लांब आहे, येतील."

उजेड गेला. परत नेतील असं कार्डावर होतं, पण तिघांसाठी गाडी कोण हलवणार? त्यांना कठड्याला उभं केलं. दादाला गोळी मानेत लागली आणि तो कठड्यावरून पलीकडे गेला, पण पडला नाही. डाव्या हातानं लोखंडी दांडी धरून लटकला. उजवा हात तो पुन्हा पुन्हा दांडीवर टाकत होता आणि तो निसटत होता. अंगठ्याशिवाय पकड बसत नाही. मग एकानं संगिनीनं डाव्या हाताची बोटं सोडवली.

इतकं ऐकून मी दवाखान्याच्या नळावर गेलो आणि हात धुवत बसलो. बाप पायरीवर बसून रस्ता बघत होता आणि त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला दादा बघत होता, आणि मध्ये मी आडवा पडलो होतो. बापाला मी वाचवलं नव्हतं. त्याच्या हातून त्याचा मुलगा मारला. छावणीवाल्यांनी बावन्नांत एका कारकुनाचा अंगठा ठेवला होता, तो मी मोडला. आणखी काय करायचं राहिलं, सांगा. परत आलो तर म्हातारा शांतपणे म्हणाला, "दहा वर्षं घरं शोधतोय. जिथं कार्ड शिल्लक असेल तिथं जातो. या एका कार्डासाठी निघालो होतो. त्या माणसाला खोटं म्हणू नका हो."

"लिहून द्या," मी म्हणालो. "मंडळापुढे ठेवतो, चिठ्ठी काढायला लावतो."

त्यानं प्लास्टरचा हात वर केला.  मग मीच कागद घेतला. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. छावणी, ओंडका, पन्नास अंगठे, पूल, सगळं. एक अक्षर सोडलं नाही. खाली त्यानं डाव्या हाताचं बोट शाईत बुडवून टेकवलं.

कागद पोस्टमास्तरांपुढे ठेवला. त्यांनी भिंगाखाली धरला आणि इतका वेळ लावला की बायको मध्ये चहा करून आली. मग डोळे पुसत म्हणाले, "माझा विश्वास बसला. पण मजकूर त्यांचा आणि अक्षर तुझं. त्यात भाऊ तुझा. बाहेरचा माणूस काय म्हणेल? नियम तूच घालून दिलास, इथं तर नावं बारा आणि अक्षर एक, आणि तो नियम आहे तोवर चिठ्ठी काढता येणार नाही मला."

मूठ वळली माझी. खरं सांगतो, वळली. म्हाताऱ्याला दवाखान्यातून तिथंच आणून बसवलं होतं, तो खुर्चीवरून म्हणाला, "अहो, अंगठा." मी मूठ सोडली.

तेव्हापासून इथं उभा आहे. मंडळ कागद लावू देत नाही ना, मग तोंड आहे मला. जो थांबेल त्याला सांगतो. तो तिकडे खिडकीत प्लास्टर मांडीवर घेऊन बसलाय ना, तोच. आमच्याकडेच राहतो आता. बायको त्याला मऊ शिजवून घालते आणि मला विचारते, तुम्ही जेवणार की उभेच राहणार? दुकान कधी उघडायचं ते तीच ठरवणार आहे.

तुम्ही म्हणाल, चिठ्ठी नुसती गोंदानं लावलेली आहे, उखडून टाका आणि मोकळे व्हा. टाकली असती हो. पण कार्डाची पाठ बघायचीय तुम्हाला? थांबा, काच उघडतो. हा जांभळा शिक्का. 'बनावट'. सव्वीस वर्षांपूर्वी मीच मारला, चांगला दाबून. या तीन रात्री घरी नेऊन लिंबू लावून बघितलं, स्पिरिट लावून बघितलं, ब्लेडनं खरवडायला गेलो तर कागद फाटायला लागला आणि पलीकडून दादाचं नाव जायला लागलं. तेव्हा थांबलो. म्हातारा रोज विचारतो, "निघेल का हो?" मी म्हणतो, बघू. निघणार नाही. शाई मीच निवडली होती.